विहिरीतलं पाणी मोजायची टेप: १०० मीटरवाली घेऊ नका (दोन वर्षं वापरून सांगतेय)

माझ्या टेपवरचे ३ ते ९ मीटरच्या मधले आकडे पुसून गेलेत. सहा कुठला आठ कुठला कळत नाही, म्हणून मी तिथे नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, सहाला लाल, आठला गुलाबी. आणि १० मीटरच्या पुढची टेप अशी कोरी करकरीत आहे की आजसुद्धा दुकानात ठेवली तर नवीन म्हणून खपेल. आता यावरूनच अर्धा रिव्ह्यू कळला असेल, पण उरलेला अर्धाही वाचा, कारण दरवर्षी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कोणीतरी मला मेसेज करतंच की ताई डिझर्टेशन हायड्रोजिऑलॉजीत, म्हणजे भूजलशास्त्रात, घेतलंय, कुठली टेप घेऊ.

तर वस्तू काय आहे ते आधी. वॉटर लेव्हल इंडिकेटर म्हणतात, आम्ही नुसतं टेप म्हणतो, आणि इंजिनियरिंग जिऑलॉजीवाले तिलाच डिपमीटर म्हणतात. एक रीळ, त्यावर प्लॅस्टिकची चपटी पट्टी, पट्टीच्या दोन्ही कडांतून बारीक तारा, आणि टोकाला बोटाएवढा स्टीलचा प्रोब. प्रोब पाण्याला टेकला की सर्किट पूर्ण होतं, रिळावरचा बझर वाजतो आणि दिवा लागतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, जी कुठल्याही दुकानात मिळते. बस. यात बिघडण्यासारखं फार काही नाही असं मला घेताना वाटलं होतं. मी घेतली ती आपल्याकडचीच बनावट, १०० मीटर, कुरियर धरून अकरा हजारांच्या आसपास पडली. सॉलिन्स्टसारखी बाहेरची टेप घ्यायची ऐपत नव्हती आणि डिपार्टमेंटची जी होती ती कायम दुसऱ्या कोणाकडे तरी असायची.

१०० मीटर का घेतली तर हौस. दुकानदार फोनवर म्हणाला, मॅडम ३० मीटरमध्ये काय होणार, बोअर किती खोल जातात माहितीये ना. ते त्यांच्याकडे खरं असेल. गोव्यात डिझर्टेशनला मोजायच्या असतात त्या उघड्या विहिरी, आपल्या घराघरामागच्या बांयी, आणि त्यात पाणी पावसाळ्यात हाताला लागतं आणि मे महिन्यात फार तर दहा-बारा मीटरवर. माझ्या ३८ विहिरी होत्या, साखळीच्या आजूबाजूला, वाळवंटी नदीच्या दोन्ही अंगांना, हरवळ्यापासून वर मोर्ले-केरीपर्यंत. त्यातली सगळ्यात खोल भरली ११ मीटर आणि काही सेंटीमीटर. म्हणजे ८८ मीटर टेप मी दोन वर्षं स्कूटरच्या पायापाशी ठेवून नुसती फिरवली. वजन बघा एकदा हातात घेऊन. दुपारच्या उन्हात चौदाव्या विहिरीवर ते रीळ गुंडाळताना मनगटाला जे होतं ते स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

बोअरवेलमध्ये तरी बरी चालते का, तर तिथेही नाही. पट्टी चपटी असल्यामुळे बोअरच्या ओल्या पीव्हीसी केसिंगला चिकटून बसते, प्रोब खाली गेला असं वाटतं आणि तो मध्येच कुठेतरी सैल वेटोळं करून बसलेला असतो. दोनदा फसले. मधल्या भागात बारीक आणि कडांना जाड अशी पट्टी मिळते ती कमी चिकटते, बोअरचंच काम असेल तर ती बघा.

आता खरा प्रॉब्लेम. पहिल्याच आठवड्यात एका विहिरीत प्रोब सोडला, वरून पाणी दिसतंय, प्रोब पाण्यात गेलेला दिसतोय, आणि बझर गप्प. मी म्हटलं गेले पैसे. बॅटरी बदलली, प्रोब पुसला, परत सोडला तर अगदी कान लावल्यावर डास गुणगुणल्यासारखा आवाज. घरी येऊन बादलीतल्या नळाच्या पाण्यात घातला तर ठणठणीत वाजतोय. मग सरांना विचारलं. सर हसले आणि म्हणाले पाण्याची ईसी, म्हणजे त्यातून वीज किती सहज जाते ते, मोजलीस का. मोजली तर ६०-७० मायक्रोसीमेन्स. म्हणजे जवळजवळ पावसाचंच पाणी, त्यात क्षार इतके कमी की करंट नीट जातच नाही. आपला जांभा लाखो वर्षं पावसात धुवून निघालेला दगड, विरघळणारं सगळं आधीच निघून गेलंय, मागे लोखंड आणि ॲल्युमिनियमच काय ते उरलंय, त्यातून पाणी झरझर गाळून येतं आणि येताना सोबत काहीच आणत नाही. याच्या उलट चोडणला मैत्रिणीकडे खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाजवळच्या विहिरीत मजा म्हणून सोडला, तिथे ईसी तीन हजारांच्या वर, बझर असा कोकलला की आतून तिचा कुत्रा बाहेर आला.

तेव्हा घेताना विचारायचा पहिला प्रश्न मीटरचा नाही, सेन्सिटिव्हिटीचं बटण आहे का हा. माझ्या टेपला होतं, रिळाच्या मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू, मॅन्युअलमध्ये त्यावर एक ओळ. तो उजवीकडे फिरवला आणि जांभ्याच्या विहिरी बोलायला लागल्या. पण मग दुसरं दुखणं, सेन्सिटिव्हिटी वाढवली की प्रोब ओल्या भिंतीला, शेवाळाला, पंपाच्या पाइपवरच्या थेंबांना लागला तरी वाजतो. खाणपट्ट्याच्या बाजूच्या काही विहिरींवर पाण्यावर तांबूस तवंग असतो, तो प्रोबवर बसला की हवेतसुद्धा वाजत राहतो. यावर उपाय एकच, सोबत जुनं सुती फडकं ठेवा आणि वाचन नेहमी प्रोब खाली सोडताना घ्या. वर ओढताना घेऊ नका, प्रोबला पाणी लोंबत राहतं आणि सेंटीमीटरभर चूक येते. सेंटीमीटरनं काय होतंय असं वाटेल, पण पंपिंग टेस्टच्या (पंप लावून पाणी उपसायचं आणि पातळी कशी उतरते ते मोजायचं) पहिल्या पाच मिनिटांत सगळा खेळ सेंटीमीटरचाच असतो.

एक चूक माझी, टेपची नाही, तरी सांगते. पाणी कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजतात आणि मग कठड्याची उंची वजा करतात, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. पहिल्या ११ विहिरींत मी कठडा मोजलाच नव्हता. परत गेले सगळीकडे. एका आजींकडे तर तिसऱ्यांदा. त्या प्रत्येक वेळी ओरडायच्या, बाय, बांयंत पडशी गो! कोकणीत मुलीला बाय आणि विहिरीला बांय, त्यामुळे माझ्या डिझर्टेशनला घरात सगळे बाय-बांय प्रोजेक्टच म्हणायचे. आणि समुद्रसपाटीपासूनची उंची फोनच्या जीपीएसवरून घेऊ नका प्लीज, त्यात इतके मीटर इकडचे तिकडे होतात की तुमच्या नकाशावर पाणी डोंगर चढायला लागतं. ऑटो लेव्हल (सर्व्हेवाल्यांची उंची मोजायची दुर्बीण) मागून घ्या, दोन दिवस जातील, जाऊ देत.

तरीसुद्धा हायड्रोजिऑलॉजी मला कळली ती याच टेपमुळे. वर्गात पाणी जमिनीतून कसं वाहतं त्याचा डार्सीचा १८५६ चा नियम पाठ केला होता, पंप चालू असताना विहिरीभोवतीची पातळी कशी उतरते त्याचं थीसचं १९३५ चं समीकरण सोडवलं होतं, मार्क पण बरे पडले होते. पण गोव्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर का लागतात, हे विचारलं असतं तर मी गोल गोल बोलले असते. टेप घेऊन त्याच विहिरीवर सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च असं जात राहिलं की दिसतं. आजींच्या विहिरीत नोव्हेंबरला पाणी ३.१० वर होतं, जानेवारीला ५.४५, मार्चच्या शेवटी ७.२०. उपसा म्हणावा तर घरात माणसं तीन आणि दोन माड. पाणी कोणी पीत नाहीये, ते निघून जातंय. घराच्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या दगडावर, तांब्याभर पाणी ओतून बघा, चिरा ते आत घेतो आणि खालून सोडून देतो, तसंच हे पठार. वर भोकाभोकांचा जांभा, खाली पांढरट-गुलाबी चिकण माती, पाणी जांभ्यातून उतरतं, मातीवर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या पायथ्याला झर म्हणून बाहेर पडतं. कुळागरांचे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांचे, पाट त्यावरच वाहतात. डिसेंबरात झरीला भरपूर पाणी बघून लोक खूश होतात आणि तेच पाणी विहिरीतून वजा होत असतं. शिवाय सह्याद्री ते समुद्र अंतर ते किती, नदीला वळायलाच वेळ नाही.

खाणीच्या जवळच्या विहिरी वेगळ्याच वागतात. भुसभुशीत लोहखनिजाचा जो थर असतो, ज्याला ब्लू डस्ट म्हणतात, त्यात स्वतःतच भरपूर पाणी असतं, आणि खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की खनिज काढायला ते पाणी उपसत राहावं लागतं. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं खाणी थांबवल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला लीज रद्द होऊन परत बंद, या सगळ्यात खड्ड्यांत पाणी भरत गेलं. त्यावर मी माझ्या ३८ विहिरींच्या जिवावर काही छातीठोक लिहिणार नाही, व्हायवामध्ये पण सांगितलं नव्हतं. पण गावातली माणसं अमुक साली आमच्या बांयीचं पाणी गेलं हे तारखेनिशी सांगतात, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, कधीतरी लागेल.

आता तक्रार. एप्रिलच्या शेवटी एका विहिरीत प्रोब पंपाच्या दोरीत आणि पाचोळा पडू नये म्हणून लावलेल्या जाळीत असा अडकला की ओढताना टोकाजवळची तार तुटली. बझर बंद. जिथून घेतली त्यांना फोन केला, ते म्हणाले पाठवा, आठवड्यात देतो. सहा आठवडे. सहा! मे महिना पूर्ण गेला. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, भूजलवाल्याला मे म्हणजे काय ते. वर्षातली सगळ्यात खाली गेलेली पातळी, पावसाच्या आधीची, तिच्याशी नोव्हेंबरची तुलना करूनच पावसानं जमिनीत किती पाणी भरलं ते काढतात. केंद्रीय भूजल मंडळसुद्धा वर्षातून चार वेळा मोजतं त्यात मान्सूनपूर्व वाचन असतंच. ते चुकलं की पुढच्या वर्षीपर्यंत नाही, आणि पुढच्या वर्षी मी डिग्री घेऊन बसलेली असणार. रोज फोन करायचे, रोज उत्तर एकच, आज निघतंय मॅडम.

शेवटी दोरीला दगड बांधून काही विहिरी मोजल्या, कशाबशा. आजींनी मला त्यांची कळशीची दोरी दाखवली, तिला चिंध्या बांधलेल्या, शिगम्यापर्यंत इथवर, मग इथवर, आणि आज इथवर. मी ती टेपनं, म्हणजे शिंप्याच्या टेपनं, मोजली तर ८.३० आलं. काथ्याची दोरी ओली झाली की लांबी बदलते त्यामुळे वीतभर इकडेतिकडे धरायला हवं. सरांनी तो बिंदू ग्राफवर घालू दिला, पण पोकळ गोल, बाकीचे भरीव. आणि रेषा तुटक. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी बरोबर त्याच तुटक रेषेवर बोट ठेवलं. मी दुरुस्तीची कथा सांगितली, ते म्हणाले, एकच टेप होती? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि हे कमी म्हणून, टेप परत आली तेव्हा त्यांनी तुटलेला पुढचा तुकडा कापून टाकून प्रोब पुढे जोडला होता आणि मला सांगितलंच नव्हतं. म्हणजे शून्य सरकलं. जूनच्या वाचनात सगळ्याच विहिरी सारख्याच मापानं खाली गेलेल्या दिसल्या तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, फरशीवर टेप पसरून मोजली तर बरोबर ४२ सेंटीमीटरचा फरक. दुरुस्तीहून आलेली टेप आधी फरशीवर मोजा, मगच विहिरीत घाला.

पंपिंग टेस्टबद्दल थोडं, कारण तिथे टेपनं उत्तम काम केलं. उघड्या विहिरीवर टेस्ट करताना पुस्तकातलं थीस जसंच्या तसं लावू नका, त्यात विहीर सुईएवढी बारीक धरलेली असते. आपली विहीर ३ मीटर व्यासाची, म्हणजे पाणी एक मीटर उतरलं की सात हजार लिटर नुसतं विहिरीत साठलेलंच गेलं. घरगुती पंप तासाला चार-पाच हजार लिटर ओढत असेल तर पहिला तासभर तुम्ही जमिनीची परीक्षा घेतच नाही, विहिरीच्या पोटाची घेताय. रुंद विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांची १९६७ ची पद्धत आहे, ती वापरा, आणि पंप बंद केल्यावरचं रिकव्हरी वाचन सोडू नका, खरी माहिती तिथे आहे. मी एका विहिरीवर रात्री अकरापर्यंत बसले होते, घरच्यांनी सोलकढी दिली, डास चावत होते, टेपचा दिवा लुकलुकत होता आणि पाणी चार मिनिटाला एक सेंटीमीटर असं वर येत होतं. तिथे खाली चिकण माती होती. सकाळपर्यंत भरली नाही ती.

आणि ही टेप फक्त विहिरीवाल्यांची आहे असं समजून इंजिनियरिंग जिऑलॉजीवाल्यांनी स्क्रोल करू नये. उतारावर नाहीतर बोगद्याच्या वर जे पिझोमीटर, म्हणजे जमिनीतलं पाणी बघायच्या बारीक नळ्या, बसवतात त्यातलं पाणी याच टेपनं मोजतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला आणि कोकण रेल्वे अडकली, तेव्हा आमच्याकडे सगळे गाड्या कधी सुटणार ते विचारत होते. मॅडमनी दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढंच उदाहरण घेतलं, आरएमआर, क्यू या खडकाला गुण द्यायच्या पद्धती सगळ्या बाजूला ठेवून. मातीत पाणी एक मीटर चढलं की छिद्रांतला दाब साधारण १० किलोपास्कलनं वाढतो आणि मातीचे कण एकमेकांना जितके घट्ट धरून असतात ती पकड तितकीच कमी होते, टेर्झागीनं सांगितलेलं. मऊ मातीत, भर पावसात, असे किती मीटर पाणी चढत असेल ते बघायचं तर नळीत टेपच सोडावी लागते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे दोन पेपर वेगळे छापलेत, विषय एकच आहे.

नोकरीसाठी विचारणाऱ्यांना, यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्टमधून जिऑलॉजिकल सर्व्हे आणि भूजल मंडळ दोन्हीकडे जाता येतं, त्याचं वेगळं विचारा, इथे टेपचं चाललंय.

तर माझं मत: टेपला साडेतीन स्टार, विक्रीनंतरच्या सेवेला अर्धा, तोही फोन उचलायचे म्हणून. गोव्यातल्या विहिरींसाठी ३० मीटर घ्या, सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू असलेलीच घ्या, वाचलेल्या पैशात चांगला ईसी मीटर येतो आणि खरं तर मैत्रीण मिळून दोघींत दोन टेपा घेतल्या तर माझ्यासारखा मे बुडणार नाही. पावसाळ्यात बॅटरी काढून ठेवा, नाहीतर तिच्या टोकांवर हिरवं चढतं.

माझी टेप आता एका ज्युनियरकडे आहे. देताना रिळावर जाड मार्करनं लिहून दिलंय, वजा ४२. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, ताई, एका विहिरीत पाणी जमिनीच्या २० सेंटीमीटर वर येतंय. मी खुर्चीतून उठलेच, म्हटलं आर्टेशियन, म्हणजे दाबानं पाणी आपोआप वर येणारी विहीर, सापडली की काय याला, तीही उघड्या विहिरीत. मग विचारलं ४२ कुठे वजा केलेस. म्हणाला, वहीत केले. आणि एक्सेलमध्ये? थोडा वेळ शांत. म्हणाला, तिथे पण फॉर्म्युला आहे.